मौनातली शेजारीण

रिट्रीटला, म्हणजे आम्हा सिस्टर्सच्या दर वर्षीच्या मौन-प्रार्थनेच्या दिवसांना, गेलं की पहिल्यांदा मोबाइल काढून घेतात. आमच्याकडं त्यासाठी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. सुपिरियर, म्हणजे आमच्या मठाची प्रमुख, तो घेऊन दारात उभी राहते, आम्ही एकेक जणी आपापला मोबाइल बंद करून आत टाकतो, आणि मौन सुटेपर्यंत डबा तिच्या कपाटात कुलपात. एरवी मी माझा मोबाइल लांबूनच भिरकावते. सुटले एकदाची, असं वाटतं. या वर्षी मात्र हात डब्यावरच थांबला. सुपिरियरनं भुवया उंचावल्या तेव्हा कुठं बोटं सैल झाली.

कारण त्या मोबाइलमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज होता. ती आता बोळिंजला एका मोठ्या संकुलात क्लासेस चालवते. ‘सिस्टर, तुम्ही फक्त हो म्हणा. गणिताला तुमच्यासारखं कोणी मिळत नाही. राहायला माझा वन आरके रिकामाच आहे.’ वन आरके! विशीपासून जी बाई सगळ्यांत राहिली, सगळ्यांत जेवली, सगळ्यांच्या घंटेवर उठली, तिला पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या दाराची किल्ली म्हणजे काय वाटत असेल, ते मला विचारा. मी उत्तर दिलं नव्हतं. रिट्रीट संपल्यावर देणार होते, आणि ते ‘हो’ असणार होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमची शेवटची व्रतं एकदाच होतात, मरेपर्यंतची. पण दर वर्षी रिट्रीटच्या शेवटच्या दिवशी, मिस्साच्या उपासनेत, प्रत्येक सिस्टर ती सगळ्यांसमोर पुन्हा उच्चारते. न उच्चारल्यानं कागदोपत्री काही बदलत नाही. पण जी गप्प राहिली ती जायला निघाली, हे सगळ्यांना न सांगता कळतं. मी या वर्षी गप्प राहायचं ठरवलं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं गप्प राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सुपिरियरपुढं जाऊन बसायचं.

आता राग कशाचा म्हणाल, तर बदलीचा. जूचंद्रच्या बाजूला आमच्या म्हाताऱ्या सिस्टर्सचं घर आहे. मला शाळेतून उचललं आणि त्या घराची देखभाल माझ्या गळ्यात मारली. ‘तुमचा स्वभाव खंबीर आहे, सिस्टर,’ असं वर लोणीही लावलं. म्हणजे आयुष्यभर वर्गमूळ शिकवायचं, आणि आता कोणाची कवळी कुठल्या पेल्यात राहिली ते शोधत बसायचं! मी आज्ञापालनाचं व्रत घेतलंय हे मला माहीत आहे. ते घेताना कवळ्यांचं कोणी बोललं नव्हतं.

पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते जास्त वाईट होतं. ते कळण्यासाठी मी इथं आले कशी, हे सांगावं लागेल. देवाच्या बोलावण्याला आम्ही पाचारण म्हणतो. बाकीच्या सिस्टर्सच्या पाचारणाच्या गोष्टी ऐकाव्यात. कोणाला आराधनेत आवाज आला, कोणी मोठ्या दुखण्यातून उठली. माझ्यात तसलं काही नाही. मी गास गावची, शेतीवाडीच्या घरातली. आमच्या वाडीतली भाजी आणि केळी मठात पोचवायचं काम माझ्याकडं होतं. मठाच्या पुढच्या खोलीत बसायला एक बाक, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, आणि मागच्या बाजूला एक हिरवा दरवाजा. त्याच्या पलीकडं बाहेरच्या माणसानं जायचं नाही. आम्हा पोरींना त्या दरवाजानं वेड लावलं होतं. सिस्टर लोकांना केस असतात का? त्या आपापसांत भांडतात का? डोक्यावरचं घेऊनच झोपतात का? एकदा तो दरवाजा किलकिला राहिला आणि आतून कोणीतरी खो खो हसताना ऐकू आलं. पोट धरून हसावं तसं. मी टोपली हातात धरून उभीच राहिले. हसण्यासारखं आत आहे तरी काय, हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना. माझा मोठा भाऊ अजून पाहुण्यांना सांगतो, “आमची बाय आत काय हाय ते बघायला गेली, ती परत यायचं विसरली.” सगळे हसतात. मीही हसते, कारण खरंच आहे ते.

तर मला देवानं कुतूहलानं धरलं होतं. कोणाला भक्तीनं धरतो, कोणाला दुःखानं, मला चांभारचौकशीनं. आणि नेमकी तीच आता आटली होती. आतलं सगळं बघून झालं होतं. कोण कशाला हसते, कोण कशाला रुसते, कुठली सिस्टर कुठल्या वाक्याला डोळे पुसणार, सगळं मला आधीच ठाऊक असायचं. त्यात म्हाताऱ्यांचं घर. तिथं काय नवीन घडणार?

आमचं रिट्रीटचं घर बोळिंजच्या पुढं, समुद्राच्या अंगाला, एका जुन्या वाडीत आहे. मागं बावखल आहे, म्हणजे आमच्याकडची पाणी साठवायची जुनी तळी. त्याच्या काठानं चालत मनन करायचं असतं. मी गच्चीवर जायचे. तिथून नारळांच्या डोक्यावरून बोळिंजच्या इमारती दिसतात. यातली माझी खिडकी कुठली असेल, याचं मनन मी अगदी एकाग्रतेनं करायचे.

पहिल्याच संध्याकाळी सुपिरियरनं चॅपलमधल्या जागा ठरवून दिल्या आणि माझ्या शेजारी म्हाताऱ्यांच्या घरातली सर्वांत म्हातारी सिस्टर आणून बसवली. “आता तुमच्याकडंच यायच्या आहेत, तेवढीच ओळख,” ती कुजबुजली. ओळख! मौनात कसली डोंबलाची ओळख? एक अक्षर बोलायचं नाही, आणि ओळख करायची.

पण गप्प बसलं की डोळे जास्त चालतात. ही म्हातारी मूळची किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावची, बोटं अजून जाडजूड, मनगट मजबूत. तोंडानं सारखं काहीतरी चाललेलं असायचं. प्रार्थना म्हणावी तर ओठ प्रार्थनेचे हलायचे नाहीत. जेवताना ती अर्धा पाव हळूच रुमालात गुंडाळायची. प्रवचन चालू असताना मला कोपरानं ढोसायची आणि समोरच्या सिस्टरच्या पाठीवरचा मुंगळा दाखवायची. मुंगळा मानेपर्यंत जाईतो आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसायचो. प्रवचन कशावर होतं, विचारू नका.

आणि दुपारी सगळ्या पडल्या की तिच्या खोलीचं दार वाजायचं. माझी खोली समोरच. सपाता फरफटत लांब जायच्या, थांबायच्या, पुन्हा जायच्या, पुन्हा थांबायच्या. कुठं जाते ही? पाव कोणाला घालते? मी उशीवर डोकं ठेवून स्वतःला बजावलं, बाई, तुला तुझं आयुष्य ठरवायचंय, तू पावाच्या मागं लागू नकोस. दुसऱ्या दिवशीही बजावलं. त्याच्या पुढच्या दिवशी उठले आणि गेले मागोमाग.

पावाचं काही नव्हतं. तो बावखलातल्या माशांना जात असे, ते नंतर कळलं. ती व्हरांड्यात होती. आमच्या प्रत्येक दारावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून, शाळेतल्या पोरीसारखी अक्षरं लावून नाव वाचत होती. वाचायची, मान हलवायची, पुढच्या दाराशी जायची. माझं नाव वाचलं, मान हलवली. मग स्वतःच्या दाराशी आली. तेही वाचलं. मान हलवली आणि पुढं निघाली.

मी मौन मोडलं. मोडायला मला कारण लागतं असं नाही, पण या वेळी होतं.

“सिस्टर, काय शोधताय?”

“माजी खोली.”

“ही काय तुमची खोली. तुमचंच नाव लिहिलंय.”

ती मागं वळली. चिठ्ठीवर पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा अक्षरं लावली. मग माझ्याकडं बघून अगदी सरळ विचारलं, “ती कोन?”

मी ती चिठ्ठी पुन्हा वाचली आणि मग उमगलं. जुन्या काळी झगा मिळाला की सिस्टरला नवीन नाव मिळत असे, कुठल्यातरी संताचं. घरचं नाव फाटकाबाहेर राहायचं. माझ्या वेळेपर्यंत ते बंद झालं होतं, म्हणून माझं नाव बाप्तिस्म्याचंच आहे. हिचं तसं नव्हतं. आयुष्यभर ज्या नावाला ओ दिली, ते आता तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं, आणि ती दारोदार त्याच्या आधीचं शोधत होती.

“मग तुमचं नाव काय?” मी विचारलं.

तिनं खूप विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. मग हसली आणि म्हणाली, “व्हतं.”

त्या दुपारी मी गच्चीवर गेले नाही. शाळेतली सवय, कागद घेतला आणि तिच्या दारावर चिकटवायला एक मोठा मासा काढला. निदान खोली तरी सापडेल. ती आली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. “सरंगा?” पापलेटला ती सरंगाच म्हणते. मी मान डोलावली. “ह्याला शेपूट कोनी लावली, मांजरानं?” आणि अशी हसली की दोन खोल्या पलीकडून कोणीतरी दार उघडून बघितलं. मी शेपूट खोडून दुसरी काढली. मग ती दार लोटून आत गेली आणि पलंगावर आडवी झाली. त्यानंतर रोज दुपारी सपाता थेट माशाशी येऊन थांबायच्या. मी जागी राहून ऐकायचे. स्वतःवरच चिडायचे. मला माझ्या प्रश्नाचा विचार करायला दिलेला वेळ हा, आणि मी काय करतेय, तर म्हातारीला आज कुठलं गाव आठवलं, काल बापाला हाक मारत होती ती कशासाठी, याचा छडा लावतेय!

रिट्रीटला एक फादर असतात, त्यांच्याशी तेवढं रोज थोडं बोलता येतं. हे फादर वसईतलेच, म्हातारे, कानानं अर्धे. त्यांच्यापुढं काही लपवावं तर ते पुन्हा मोठ्यानं विचारतात, म्हणून मी सगळं धडाधड सांगून टाकलं. बदली, वन आरके, आटलेलं कुतूहल. “मी या वर्षी व्रतं म्हणणार नाही, फादर.”

मला वाटलं, आता बायबल उघडतील. फादरनी चष्मा पुसला. “मग नको म्हणू.”

“नको म्हणू?”

“मनात नाही ते देवापुढं बोलायचं नाही, बाय. गप्प बसलेलं त्याला चालतं. एकच कर, उभी राहा. तुझ्या शेजारणीची मेणबत्ती कोण धरणार? आणि तिला आता पाठ नाही. पुढचे शब्द तुलाच सांगायला लागतील.”

आमच्याकडं तशी रीतच आहे. एक सिस्टर व्रतं म्हणते तेव्हा शेजारची तिच्यासाठी पेटलेली मेणबत्ती धरते, आणि म्हणणारी वयानं थकलेली असेल तर कानात शब्द पुरवते. पण मला फादरचा संशय आला. “म्हणजे मला बोलायला लावायची ही युक्ती का?”

“युक्ती-बिक्ती काही नाही. ती तुझ्या बाजूला बसते एवढंच,” ते म्हणाले आणि घड्याळाकडं बघितलं.

मला राग आला. इतकं सगळं ओतलं, आणि यांनी मला मेणबत्ती धरायला सांगितलं. पण एक झालं, जीव हलका झाला. गप्प राहायची परवानगी मिळाली होती. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी गच्चीवरून बोळिंजकडं बघून घेतलं. खिडक्यांत दिवे लागत होते. क्लासेसवालीला काय लिहायचं तेही मनात तयार झालं. म्हातारीचा मासा मात्र घरी न्यावा का, म्हणजे जूचंद्रला तिच्या दारावर लावता येईल, असं एकदा वाटून गेलं. तो विचार मी झटकला. तिथं जी कोणी असेल ती बघेल.

शेवटच्या दिवशी चॅपल फुलांनी सजवलं होतं. मिस्सा सुरू झाला, प्रवचन झालं, आणि मग एकेकीची पाळी. सुपिरियर माइक घेऊन रांगेतून सरकत होती. मी, सिस्टर अमुक, असं म्हणून प्रत्येक जणी आपलं नाव घेत होती आणि ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन पुन्हा एकदा पदरात घेत होती. कोणाचा आवाज थरथरत होता, कोणी रेल्वेच्या घोषणेसारखं म्हणून मोकळी होत होती. शेवटी सगळे आमेन म्हणायचे आणि माइक पुढं.

म्हातारीची पाळी आली. मी मेणबत्ती धरली आणि तिच्या कानाशी वाकले. “मी, सिस्टर...” आणि तिचं नाव.

“मी, सिस्टर,” ती म्हणाली आणि थांबली. माझ्याकडं वळली. माइकमधूनच विचारलं, “ती कोन?”

मागं कोणीतरी खुदकन हसलं. मी पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली, दारावरची चिठ्ठी वाचून हलवायची तशीच. चॅपल थांबलं. फादर वेदीवरून बघत होते. सुपिरियर म्हणाली, “राहू दे, नुसतं आमेन म्हणूया.” ते मात्र मला खपलं नाही. नुसतं आमेन कसं? एवढा जन्म काढलाय बाईनं या व्रतांत. मेण वितळून माझ्या बोटांवर आलं, हात पोळला, घाईघाईत मी पुन्हा सुरुवात केली, “मी, सिस्टर...” आणि एवढ्या वर्षांची सवय, जीभ आपल्याच वाटेनं गेली. मी माझं नाव बोलून गेले.

म्हातारीचा चेहरा उजळला. “मी, सिस्टर...” आणि माझं नाव. खणखणीत. समुद्रावर हाक मारावी तसं. चॅपलच्या चारी भिंतींवर माझं नाव आपटलं.

मी थांबवायला हवं होतं. थांबवता येईना. इतक्या मुश्किलीनं तिची गाडी रुळावर आली होती. मी पुढचा तुकडा दिला, तिनं तो म्हटला. मी पुढचा दिला. ब्रह्मचर्य. दारिद्र्य. आज्ञापालन. जे नाव आज इथं उच्चारलं जाणार नाही असं मी ठरवून आले होते, त्या नावानं ती एकेक गोष्ट कबूल करत होती, डोळे मिटून, मनापासून, जणू हे सगळं तिला आजच सुचलंय. शेवटचा शब्द उरला आणि तो मला सांगवेना. म्हातारीनं वाट बघितली. मग तिचं तिलाच आठवलं.

“मरेपर्यंत,” ती म्हणाली.

“आमेन,” सगळं चॅपल म्हणालं.

तिनं माझ्या हातातली मेणबत्ती घेतली आणि माझ्यापुढं धरली. पुढची पाळी माझी. तिला एवढं बरोबर माहीत होतं. सुपिरियरनं माइक माझ्या तोंडाशी आणला. मला फक्त गप्प राहायचं होतं. फादरची परवानगी होती, मनाची तयारी होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात ना देव आला ना वन आरके. एकच गोष्ट आली. तिचं राहिलं. इतकी वर्षं एकदाही न चुकलेलं या बाईचं या वर्षी राहिलं, आणि तेही माझ्या जिभेमुळं.

मी माइक हातात घेतला आणि तिचं नाव घेतलं. “मी, सिस्टर...” म्हणून तिचं ते संताचं नाव, जे तिच्या दारावर होतं. सुपिरियरनं माझी बाही ओढली. तिला वाटलं, मी गोंधळले. मी थांबले नाही. मी तिचं ब्रह्मचर्य म्हटलं, तिचं दारिद्र्य म्हटलं, तिचं आज्ञापालन म्हटलं, सावकाश, स्पष्ट, एकही शब्द न गाळता, कारण हे तिचं होतं आणि ते मला वाटेल तसं उरकायचं नव्हतं. माझं स्वतःचं मी इतक्या लक्षपूर्वक कधी म्हटलं होतं, मला आठवत नाही. मरेपर्यंत म्हणताना मला रडू कोसळलं. मला कुठं जायचं नव्हतं. कधीपासून नव्हतं, कोण जाणे, पण नव्हतं.

आमेन झालं. सुपिरियरनं माइक परत घेतला, मग काहीतरी लक्षात येऊन तो पुन्हा पुढं केला आणि अगदी हळू म्हणाली, “सिस्टर, आता तुमचं म्हणा. तुमचं राहिलं.”

म्हातारीच्या हातातली मेणबत्ती कलायला लागली होती. मी तिच्या हाताखाली माझा हात धरला.

“माझं झालं,” मी म्हणाले.